हत्ती, किल्ला आणि लंडनची रिडेव्हलपमेंट

आमच्या एरियाचं नाव एलिफंट अँड कॅसल. चौकात पाठीवर किल्ला घेतलेला हत्तीचा पुतळापण आहे. थेम्सच्या दक्षिणेला, ट्यूबच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, झोन 1 मधे, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने दादर-परळ म्हणा, आणि तरीसुद्धा परवापरवापर्यंत लंडनची माणसं इथे राहतो म्हटलं की जरा थांबून "अच्छा" म्हणायची. आता नाही म्हणत, आता विचारतात भाडं किती देतोस.

घरून फोन आला की आई हमखास म्हणते तुमच्याकडे सगळं कसं प्लॅनिंगने असतं नाही. असतं, प्लॅनिंग प्रचंड असतं. दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकमधे घालून, केबल टायने बांधलेली नोटीस असते, अमुक जागेवर अमुक मजली इमारत, हरकत असेल तर या तारखेपर्यंत कळवा. मी बसची वाट बघताना त्या वाचायला लागलो आणि मग नादच लागला, काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, वेबसाईटवर जाऊन शे-दोनशे पानांच्या पीडीएफ उघडायच्या, बायको म्हणते लोक क्रिकेट बघतात. पण त्या पीडीएफ वाचल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की झाली ती सांगायला ही पोस्ट. इथे शहर कसं बदलणार हे आर्किटेक्ट ठरवत नाही, नेतापण तितकासा ठरवत नाही, एक एक्सेल शीट ठरवते.

आता आम्ही राहतो तिथून चालत पाच मिनिटांवर हेगेट इस्टेट होती. इस्टेट म्हणजे बागबगीचेवाली हवेली नव्हे हां, काउन्सिलने बांधलेली भाड्याच्या घरांची वसाहत, आपली म्हाडा कॉलनी डोळ्यासमोर आणा. 1974 ला बांधून पूर्ण, काँक्रीटचे लांबच्या लांब ब्लॉक, साधारण 1,200 घरं, मधे भरपूर झाडं. 2007 च्या आसपास लोकांना बाहेर काढायला सुरुवात झाली, शेवटचा माणूस 2013 च्या नोव्हेंबरमधे बेलिफ आणून काढला, आणि 2014 पर्यंत सगळं जमीनदोस्त. त्या जागेवर आता एलिफंट पार्क आहे. अडीच हजारांच्या आसपास नवीन घरं, सुंदर पार्क, जुनी काही झाडं राखलीयेत, संध्याकाळी पोरं कारंज्यात नाचतात, मी खोटं कशाला बोलू, मलाही तिथे जाऊन बसायला आवडतं. फक्त त्या अडीच हजारांत जुन्या काउन्सिलच्या भाड्यासारख्या भाड्याची, ज्याला इथे सोशल रेंट म्हणतात, अशी घरं किती? ऐंशीच्या थोडी वर. बाकी काही "अफोर्डेबल" आहेत पण त्यातल्या एका प्रकारात भाडं बाजारभावाच्या 80 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं आणि झोन 1 च्या बाजारभावाचे 80 टक्के म्हणजे बस ड्रायव्हरचा पगार संपला.

हे कसं झालं? तर इथे मोठ्या प्रोजेक्टला परवानगी देताना काउन्सिल डेव्हलपरशी करार करते, 1990 च्या प्लॅनिंग कायद्याचं कलम 106, सगळे नुसतं "वन-ओ-सिक्स" म्हणतात. त्यात ठरतं की स्वस्त घरं किती, शाळेला पैसे किती, रस्त्याला किती. काउन्सिलची पॉलिसी म्हणते 35 टक्के घरं स्वस्त हवीत. मग डेव्हलपर एक वायेबिलिटी रिपोर्ट आणतो, म्हणजे प्रोजेक्ट परवडतो का याचा हिशोब, हीच ती एक्सेल शीट. विक्रीची किंमत एवढी येईल, बांधकामाचा खर्च एवढा, जमिनीचा एवढा, आणि त्यात आमचा नफा, जो 20 टक्क्यांच्या आसपास धरायचा रिवाजच आहे, म्हणजे नफा उरला तर उरला असं नाही, तो आधीच खर्चाच्या बाजूला लिहिलेला असतो. हे सगळं वजा करून जे राहील त्यात स्वस्त घरं बसवायची. आणि अहो आश्चर्यम्, बसत नाहीत. हेगेटच्या जागेवर 35 चे 25 टक्के झाले आणि त्यातही सोशल रेंट सगळ्यात कमी.

बरं ही शीट लोकांना बघायला मिळायची का, तर नाही, व्यापारी गुपित. स्थानिक लोक ट्रिब्यूनलपर्यंत भांडले तेव्हा कुठे 2014 मधे बरीचशी माहिती उघड करायचा आदेश आला. त्याच्या आधी 2013 ला एक भारी गंमत झालेली. काउन्सिलने एक कागद नेटवर टाकला, संवेदनशील आकड्यांवर काळ्या पट्ट्या मारून. पण पट्ट्या नुसत्या वरून मारलेल्या, खालचा मजकूर तसाच, कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की सगळं स्वच्छ दिसायचं! त्यातून कळलं की झोन 1 मधली ती एवढी मोठी जमीन सुमारे 5 कोटी पौंडांना दिली, आणि इस्टेट रिकामी करण्यावर काउन्सिलचा आधीच साधारण 4 कोटी 40 लाख खर्च झालेला. आपल्याकडे निदान फाईलला आग लागते.

आमच्या बिल्डिंगमधे खाली एक आजी राहतात, सिएरा लिओनच्या, हॉस्पिटलच्या किचनमधून रिटायर झालेल्या, मला "लव" म्हणून हाक मारतात. त्या हेगेटमधल्या. त्यांना मी एकदा विचारलं तुम्हाला वाईट वाटलं का हो ते पाडलं तेव्हा, मला वाटलेलं रडारड होईल, तर त्या म्हणाल्या लिफ्ट बंद पडायची तेव्हा शिव्या घालायचे मी त्या जागेला. मग म्हणाल्या, पण खिडक्या मोठ्या होत्या, दुपारी किचनमधे ऊन यायचं आणि समोरची कोण भाजी आणून परत आली हे सिंकपाशी उभं राहून दिसायचं. ती समोरची आता लंडनच्या पार बाहेरच्या टोकाला आहे, दोन बसेस आणि एक ट्रेन. भाडेकरूंना निदान दुसरीकडे काउन्सिलचं घर मिळालं. ज्यांनी थॅचरबाईंच्या 1980 च्या राईट टू बाय कायद्याखाली आपलं घर विकत घेतलेलं त्यांचे जास्त हाल, कारण जुन्या घराची जी भरपाई मिळाली त्यात त्याच जागेवरचं नवीन घर सोडाच, आजूबाजूलाही काही येईना. ती मंडळी पांगली.

आता काउन्सिलला व्हिलन करून मोकळं व्हायचं का? मला तसं वाटत नाही आणि यावरून माझं इथल्या मित्रांशी वाजतं. लंडनमधे 32 बरो, म्हणजे आपापली काउन्सिल असलेले विभाग, आणि शिवाय सिटी ऑफ लंडन वेगळी, सगळ्यांच्या डोक्यावर 2000 सालापासून एक मेयर. पण पैशाची चावी केंद्र सरकारकडे. 2010 नंतर सरकारने काउन्सिलांचं अनुदान कापत आणलं. मग काउन्सिलकडे राहिलं काय, जमीन. आमची सदर्क काउन्सिल म्हणजे हजारो घरांची मालक, तीच जमीन विकणार, आणि तीच प्लॅनिंग कमिटीत बसून परवानगी देणार. एकाच माणसाने वराचा बाप, वधूचा बाप आणि भटजी व्हायचं! माझ्या मते खरी गोची इथे आहे, माणसं चांगली असली तरी या बसण्याच्या जागेवरून दुसरं काही दिसत नाही.

पलीकडे चालत वीस मिनिटांवर एल्सबरी इस्टेट, ती हेगेटहून दुपटीने मोठी, 2,700 च्या आसपास घरं. टोनी ब्लेअर 1997 ला निवडून आल्यावर पंतप्रधान म्हणून पहिलं भाषण करायला तिथेच आले होते, गरिबांना विसरणार नाही वगैरे. 2001 मधे रहिवाशांनी मतदान करून इस्टेट दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात द्यायला नकार दिला. 2016 ला तर केंद्राच्या मंत्र्यानेच एका टप्प्यातल्या घरमालकांच्या घरांची सक्तीची खरेदी अडवली होती, रहिवाशांच्या हक्कांचा मुद्दा काढून, नंतर तो अडथळाही सुटला. आज 2025 उलटलं तरी काम टप्प्याटप्प्याने चालूच आहे, ब्लेअरसाहेबांचे केस पांढरे झाले. एका टीव्ही चॅनेलने तिथे आपली जाहिरात शूट केलेली, त्यात दोरीवरचे कपडे आणि कचरा मुद्दाम वरून घातलेला, कारण मुळात होता तेवढा त्यांना गरीब वाटला नाही.

तुम्ही म्हणाल मुंबईत तरी काय वेगळं. खरंय, झोपडपट्ट्यांचं एसआरए काय नि बीडीडी चाळींचा पुनर्विकास काय, गणित तेच, वर टॉवर विकायचा आणि त्या पैशात खाली घरं द्यायची. पण वरळीच्या बीडीडीत 160 चौरस फुटांच्या खोलीवाल्याला तिथल्या तिथे 500 चौरस फुटांचं घर फुकट मिळतं हे मी इथल्या मित्राला सांगितलं तर त्याला आधी खरंच वाटेना. पात्र-अपात्रतेचा घोळ, बिल्डरने अर्धवट सोडलेल्या स्कीमा, एकमेकांना चिकटून उभ्या केलेल्या एसआरएच्या अंधाऱ्या इमारती, हे सगळं मीच त्याला सांगितलं. तरी त्याच जागी परत यायचा हक्क, ही आपल्याकडे चाळकऱ्याने भांडून मिळवलेली गोष्ट आहे, तिची किंमत मला इथे आल्यावर कळली.

इथेही थोडं बदललंय. 2018 पासून मेयर सादिक खान यांनी नियम केला की मोठी इस्टेट पाडायला माझ्याकडून पैसे हवे असतील तर आधी रहिवाशांचं मतदान घ्या. बहुतेक ठिकाणी लोक "हो" म्हणतात, कारण घरात ओल आहे, हीटिंग बंद पडतं, आणि दुरुस्तीचा पर्याय कागदावर नसतोच. पण मत मागायला दारात यायचं म्हणजे काउन्सिलला आश्वासनं लेखी द्यावी लागतात, हे काय कमी नाही.

जाता जाता एक, तुम्हाला ठाऊकच असेल, बाबासाहेब 1921-22 ला ज्या घरात राहिले ते प्रिमरोज हिलचं 10, किंग हेन्रीज रोड महाराष्ट्र सरकारने 2015 मधे घेतलं. तिथे स्मारक करायला कॅम्डेन काउन्सिलने 2018 ला परवानगी नाकारली. कारण काय, तर राहती जागा कमी होते. आणि काही शेजाऱ्यांच्या तक्रारी, गर्दी होईल, आवाज होईल. चौकशी बसली, 2020 च्या मार्चमधे ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने मान्यता दिली तेव्हा कुठे सुटलं. बरो वेगळा आहे मान्य, पण श्रीमंत गल्लीतल्या एका घराची राहती जागा वाचवायला एवढी तत्परता आणि इकडे 1,200 घरांना ती कुठे गेली होती हा प्रश्न मला पडतो बुवा.

सध्या आमच्या चौकात क्रेनच क्रेन आहेत. 1965 चं जुनं शॉपिंग सेंटर 2020 च्या सप्टेंबरला बंद झालं, पाडलं, तिथे टॉवर चाललेत. दिसायला कुरूप होतं, पण आत कोलंबिया-इक्वेडोरच्या लोकांची हॉटेलं होती, पैसे पाठवायची दुकानं, वर बिंगो. त्यातले काही दुकानदार बाजूला कॅसल स्क्वेअरमधे बसवलेत, काहींना जागाच मिळाली नाही. एम्पनाडा नावाचा करंजीसारखा प्रकार तिथे अजून मिळतो, आत मांस नाहीतर चीज, हिरवी तिखट चटणी वेगळी मागून घ्यायची. मेट्रो स्टेशनपेक्षा मोठी जिम आणि महागडी कॉफी मात्र दर चार महिन्यांनी एक उघडते.

आणि ठाण्याच्या काकांनी इथला फ्लॅट घ्यावा का म्हणून परवा पाठवलेल्या ब्रोशरबद्दल, कारण आणखी दोघांनी तेच विचारलंय. काका, फ्लॅट दिसतो छान. पण तो लीजहोल्ड आहे, जमीन तुमची होत नाही. सर्व्हिस चार्ज दरवर्षी भरायचा आणि तो वाढतच जातो, हे ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भिंग घेऊन वाचा. बाकी निर्णय तुमचा, मी फोन करतो रविवारी.