तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जपानी येतं का हो तुम्हाला?’

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये कपबशा नाहीत. आगीचा बंब आहे, दोन बस आहेत, आणि एक रेल्वेचा डबा आहे. सगळं कागदाचं: जपानी वेबसाइटवरून नमुन्याची फाईल उतरवायची, छापायची, कापायची आणि चिकटवायची. आलेला पाहुणा आधी बंबाला बोट लावून बघतो, मग ठरलेले प्रश्न येतात. कुठं मिळतं हे? फुकट? आणि सगळं जपानीत लिहिलंय, मग तुम्हाला जपानी येतं का? घरी पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर उरलेला प्रश्न येतो: ‘फाईल टाका ना.’

दरवेळी तोंडी सांगून थकलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

जपानी मला येत नाही. दहा-बारा आकृत्या ओळखता येतात, तेवढ्यावर चाललंय. पहिली आकृती गाडीची. चित्रच आहे ते. बैलगाडी गच्चीवरून बघितल्यासारखी: मध्ये साटीची चौकट, तिच्यातून आरपार गेलेला उभा आस, आणि आसाच्या वरच्या-खालच्या टोकांना आडव्या रेघांची दोन चाकं. एकटी असली की तिला ‘कुरुमा’ म्हणतात, दुसऱ्या शब्दाच्या शेपटाला लागली की ‘शा’. देन्शा म्हणजे विजेवरची रेल्वे, शोबोशा म्हणजे बंब, क्यूक्यूशा म्हणजे रुग्णवाहिका. पानभर गिचमिडीत हे चित्र दिसलं की समजायचं, इथं काहीतरी चाकांचं आहे.

दुसरी आकृती खिशाशी संबंधित. फुकटला ‘मुऱ्यो’ म्हणतात आणि पैसे पडणार असतील तर ‘यूऱ्यो’. दोन्ही शब्द दोन-दोन आकृत्यांचे, दुसरी आकृती अगदी सारखी, फरक सगळा पहिलीत. मुऱ्योतली पहिली आकृती म्हणजे पापड भाजायची जाळी आणि खाली चार निखारे. निखारे दिसले तर फुकट. मी सुरुवातीला दुसरी आकृती बघून खूश व्हायचो आणि पुढच्या पानावर येनमधला आकडा दिसला की परत फिरायचो.

आता शोधायचं कसं. इंग्रजीत ‘पेपरक्राफ्ट’ टाकलंत तर साऱ्या जगातला पसारा येईल. जपानी लोक तोच शब्द त्यांच्या कातकाना लिपीत लिहितात, उच्चार ‘पेपाकुराफुतो’. भाषांतराच्या अ‍ॅपमधून तो एकदा काढून फोनच्या नोट्समध्ये ठेवून द्या. त्याला मुऱ्यो जोडा आणि गाडीचं नाव जोडा. बस शोधताना मात्र जपून. ‘बासु’ म्हणजे बस, आणि ‘बासु’ म्हणजे अंघोळीचा टबसुद्धा. दोन्ही एकाच अक्षरांत. ‘रोसेन बासु’, म्हणजे ठरलेल्या मार्गावरून धावणारी बस, असं टाकलं की न्हाणीघर मागे पडतं. आणखी एक युक्ती पत्त्याच्या शेपटाची. ‘डॉट गो डॉट जेपी’ म्हणजे सरकारी खातं, ‘डॉट एलजी डॉट जेपी’ म्हणजे तिथली नगरपालिका किंवा प्रांत. शोध या शेपटांपुरता मर्यादित केला की दुकानं गळून पडतात.

फुकट देतं कोण, आणि का? छपाईयंत्रं विकणाऱ्यांचं कारण सरळ आहे. कॅननच्या ‘क्रिएटिव्ह पार्क’वर कागदी नमुन्यांचं भांडारच आहे आणि बारा-पंधरा पानांची एक गाडी छापली की रंगीत शाई किती जाते ते मला विचारा. फाईल फुकट, शाई नाही! पण ते पान इंग्रजीतही आहे, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

मला जास्त आवडतात ती सरकारी खाती. तिथल्या तटरक्षक दलाने आपल्या गस्ती जहाजांचे नमुने ठेवले आहेत, अंतराळ संस्था जाक्साने रॉकेटचे. अग्निशमन दलाच्या पानावर बंब सापडला की तिथंच रुग्णवाहिकाही आहे का बघायचं, कारण जपानमध्ये रुग्णवाहिका अग्निशमन दलच चालवतं. दोघांचा फोन नंबरही एकच, ११९. आणि रेल्वे कंपन्या तर आपापले डबे हौसेनं वाटतात.

हा नाद त्यांना काल-परवा लागलेला नाही. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, लाकडी ठशांवरून छापलेले रंगीत कागद मिळायचे. ते कापून, चिकटवून घरं आणि नाटकातले देखावे उभे करायचे. त्याला ‘तातेबान्को’ म्हणत. लाटेच्या चित्रामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या होकुसाईनेही असे कागद काढले होते.

हौशी लोकांची जुनी पानं हे वेगळंच प्रकरण. एखाद्याने आपल्या गावची बस वर्षभर खपून कागदावर उतरवलेली असते, आरशांपासून मागच्या पाटीपर्यंत. बस त्यांचीही रस्त्याच्या डाव्या बाजूने जाते, त्यामुळे दार डावीकडे, ड्रायव्हर उजवीकडे. आपल्याला परकी वाटत नाही. पण फाईल बऱ्याचदा ‘एलझेडएच’ नावाच्या गाठोड्यात असते. हा प्रकार जपानबाहेर फारसा चालला नाही. सेव्हन-झिप नावाच्या सॉफ्टवेअरने गाठोडं सुटतं. आत नावांच्या जागी कचरा दिसला तर घाबरू नका. लिपीचा गोंधळ असतो, चित्रं शाबूत असतात. ‘पीडीओ’ शेपटाची फाईल निघाली तर ती पेपाकुरा नावाच्या सॉफ्टवेअरची. त्याचा व्ह्यूअर फुकट आहे आणि त्यात एका बाजूला तयार गाडी, दुसऱ्या बाजूला सुटे भाग दिसतात. भागावर बोट ठेवलं की तो गाडीत कुठं बसतो ते कळतं. तिथं भाषा लागतच नाही.

ही पानं टिकत नाहीत, हे मी उशिरा शिकलो. यामाहाच्या मोटरसायकलींचे कागदी नमुने एके काळी जगभरच्या हौशी लोकांत गाजलेले. इंजिनाचे पापुद्रे, ब्रेकची तबकडी, सगळं वेगवेगळं कापायचं. ते पान २०१८ मध्ये बंद झालं. ‘दिवाळीच्या सुट्टीत निवांत उतरवू’ म्हणून मी नुसता पत्ता लिहून ठेवला होता. मार्च २०१९च्या अखेरीस जपानची जिओसिटीज, म्हणजे हौशी लोकांना आपली पानं ठेवायला जागा देणारी वेबसाइट, मिटली आणि तिच्याबरोबर कितीतरी घरगुती पानं गेली. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर जुना पत्ता टाकून काही परत मिळतात. पान मिळतं आणि नेमकी फाईल मिळत नाही, असंही होतं. दिसलं की उतरवून घ्या.

आता बंबाची गोष्ट, कारण शोकेसमधला बंब माझा दुसरा आहे. नमुन्यावर दोन प्रकारच्या घड्या असतात. ‘यामा-ओरी’, डोंगरघडी, म्हणजे घडीची धार आपल्याकडे वर येते. आणि ‘तानी-ओरी’, दरीघडी, म्हणजे धार खाली जाते. डोंगराची आकृती तीन सुळक्यांची, अगदी सोपी. पण मी आकृती बघितलीच नाही, रेघा बघितल्या. भाचीकडून ओरिगामी शिकलो होतो. तिच्या पुस्तकात तुटक रेघ म्हणजे दरी आणि रेघ-ठिपका म्हणजे डोंगर. कॅननच्या नमुन्यांत नेमकं उलट असतं. दोन संध्याकाळी खपून मी बंब उलटा दुमडला. लाल रंग सगळा आत आणि बाहेर कोरा पांढरा कागद. बायको म्हणाली, रुग्णवाहिका छान झालीय. तेव्हापासून आधी कोपऱ्यातली रेघांची किल्ली वाचतो, मग कात्री हातात घेतो.

तिसरा शब्द ‘नोरिशिरो’: नोरी म्हणजे खळ, शिरो म्हणजे तिच्यासाठी सोडलेली जागा. कडेच्या त्या पांढऱ्या पट्ट्या कापून टाकू नका. एका पाहुण्याने टाकल्या आणि मग ‘चिकटवू कुठं’ म्हणून फोन केला.

कागद ए-फोरच लागतो, पण झेरॉक्सचा नको, दबतो. मी १६० ते १८० जीएसएमचा घेतो. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून शंभर टक्के ठेवा, नाहीतर दोन पानांवरचे भाग एकमेकांत बसत नाहीत. घडीच्या रेघेवरून आधी संपलेली रिफिल पट्टी धरून ओढा. फेविकॉल टूथपिकच्या टोकाने, अगदी कमी. जास्त झाला की इंकजेटची शाई पसरते. घडीवर उघडा पडलेला पांढरा कागद स्केचपेनने रंगवा. चाकं शेवटी करा. चाकांचा सगळ्यांनाच वैताग येतो.

आणि फाईल. नाही, टाकणार नाही. राग मानू नका. बहुतेक पानांच्या तळाशी दोन ओळी असतात. भाषांतरात घातल्या की कळतं: घरगुती वापराला हरकत नाही, विकू नका, फाईल पुढे वाटू नका. ज्याने वर्षभर आरसे काढत बसून बस फुकट दिली, त्याचं एवढं ऐकायला मला जड जात नाही. पत्ता मात्र कधीही मागा.

परवा खालच्या मजल्यावरचा मुलगा पत्ता घेऊन गेला. तासाभराने तोच वर आला, हातात फोन. “काका, निखारे आहेत, पण गाडी नाहीये.” बघितलं तर कागदी मांजर होतं. तो तेच छापून घेऊन गेला.

सध्या टेबलावर ‘शिंकाई ६५००’ची दुसरी प्रत आहे, पहिली मी पेपरखाली चिरडली. जपानच्या सागरी संशोधन संस्थेची ही पाणबुडी साडेसहा हजार मीटर खोल जाते, आणि तिघं माणसं आत दोन मीटर व्यासाच्या गोळ्यात बसतात. कागदावर ते तिघं नाहीत. पुढचा यांत्रिक हात मात्र आहे, काडेपेटीतल्या काडीएवढा, चार घड्यांचा. दोन डोंगर, दोन दऱ्या. डावा झाला, उजवा वाळतोय.