तुम्ही विचारलंत म्हणून: रिकामे टॅग का नाही गाळत?

टीममध्ये नवीन आलेला प्रत्येकजण आठवड्याभरात हे विचारतोच. ग्राहकांची माहिती आपण कुरिअरला ज्या एक्सएमएल फाइलमधून पाठवतो, तिच्यात एवढे रिकामे टॅग (माहितीच्या रिकाम्या चौकटी) कशाला, ती फाइल बनवणाऱ्या जॅक्सन लायब्ररीला नॉन-एम्प्टी, म्हणजे 'रिकामं ते गाळ', सांगा, एका ओळीचं काम. माहितीये हो. ती ओळ मीच टाकली होती.

महापेच्या ऑफिसात, शुक्रवारी संध्याकाळी. फाइल जवळजवळ निम्मी झाली, टेस्ट सगळ्या पास, आणि मी खुशीत घणसोलीहून ठाणे लोकल पकडली.

तीनेक आठवड्यांनी सपोर्टवाल्यांनी एक कॉल माझ्याकडे दिला. ऐरोलीच्या एक बाई. पर्यायी मोबाइल नंबर त्यांनी ॲपमधून काढून टाकला होता, आधीच्या नवऱ्याचा होता तो. तरी डिलिव्हरीवाल्याने त्यालाच फोन लावला आणि बाईंचा नवीन पत्ता वाचून दाखवून विचारलं, बिल्डिंग नक्की कुठे येते. बाई ओरडल्या नाहीत. "मी तो नंबर काढला होता ना? तुमच्याकडे दिसतंय का काढलेला?" एवढंच परत परत. दिसत होतं. आमच्या डेटाबेसमध्ये ती जागा रिकामी होती. कुरिअरकडे फोन करून तिकडचा नंबर मी त्याच दुपारी काढायला लावला, पण पत्ता त्या माणसाला कळायचा तो कळलाच होता.

झालं असं की फॉर्ममध्ये हात न लावलेली जागा नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही) यायची आणि पुसलेली जागा रिकामी स्ट्रिंग (म्हणजे कोरा मजकूर), आणि कुरिअरची सिस्टीम टॅग नसेल तर जुनं तसंच ठेवायची, टॅग रिकामा असेल तर पुसायची. नॉन-एम्प्टीने दोन्ही गाळले. त्यांच्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. फक्त नल गाळणारं नॉन-नल लावलं असतं तर भागलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं, पण फाइल अजून लहान हवी होती ना!

मग आता नॉन-नल आहे म्हणजे सुटलं का? नाही. तारखेचा टॅग रिकामा पाठवला की व्हॅलिडेशन फेल, स्कीमात (फाइल कशी असावी याच्या नियमांत) डेटला रिकामी व्हॅल्यू चालतच नाही. एक्सएसआय-निल ट्रू, म्हणजे 'इथे मुद्दाम काही नाही' अशी खूण, पाठवावी तर तो टॅग कुरिअरवाल्यांनी निलेबल, म्हणजे ती खूण चालेल असा, ठेवलेला नाही आणि बदलायला ते तयार नाहीत. म्हणजे तारीख पुसली की आम्ही आजही टॅग गाळतो, तिकडे जुनी तारीख राहते, घोळ तोच. रिपोर्टसाठी पूर्ण डेटा एकदाच जातो, तिथे खुशाल गाळा, मीही गाळतो.

पुसलेल्या तारखांची यादी रोज संध्याकाळी आमच्यातला एक जण कुरिअरला मेल करतो. या महिन्यात माझी पाळी आहे.