एक भुंगा उरला म्हणून गणित सुटलं

आमच्या गणिताच्या बाई पुस्तकातलं उदाहरण आधी मोठ्यानं वाचायला लावायच्या, मराठीचा धडा वाचतो तसं, आणि तोवर पेन कुणी हातात घ्यायचं नाही. बाकी सगळीकडं एसेसेलसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेचे, जुने पेपर सोडवायची घाई, खरं बाईंच्या तासाला ती घाई नसायची. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत काय लिहायचं याचा मला फार विचार करावा लागला नाही, कारण आज गणिताबद्दल जे काय प्रेम आहे ते सगळं त्या वाचनातून आलंय.

नववीत त्यांनी फळ्यावर भास्कराचार्यांच्या लीलावतीतला भुंग्यांचा श्लोक लिहिला. लीलावती 1150 सालची, सगळं गणित श्लोकात. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन हिश्श्यांमधल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरला, त्याला एकाच वेळी केतकीचाही वास येतोय आणि मालतीचाही, जणू दोन प्रियांचे निरोपे एकदमच बोलवायला आलेत, म्हणून तो बिचारा आकाशात इकडून तिकडं फिरतोय. तर एकूण भुंगे किती? कुटज म्हणजे आपला कुडा, खानापूरच्या रानात पावसाच्या तोंडावर पांढराशुभ्र फुलतो तो, हे बाईंनी सांगितल्यावर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा सरळ बसली.

उत्तर 15 येतं. 3, 5 आणि 6 मिळून 14 गेले, एक राहिला. एवढं तर दहा मिनिटांत झालं, पण बाई तिथं थांबल्या नाहीत. म्हणाल्या, आता उरलेले किती ते कवीनं सांगितलंच नाही असं धरा, मग किती भुंगे? आम्ही करत बसलो. 15 चालतात, 30 पण चालतात कारण 28 जाऊन 2 उरतात, 45 पण चालतात, मग काय कितीही चालतात की! म्हणजे पाचवा, तिसरा, तिप्पट हे सगळं असूनही उत्तर हाताला लागत नाही, ते लागतं त्या एका भटक्या भुंग्यामुळं. आणि श्लोक परत बघितला तर जवळजवळ अर्धा श्लोक त्याच्या एकट्यावर खर्च केलाय. तोवर मला वाटायचं की शाब्दिक उदाहरणातली गोष्ट म्हणजे वरचं वेष्टन, काढून फेकायचं आणि आतलं समीकरण घ्यायचं. इथं कवितेचा जीव जिथं होता तिथंच गणिताचाही जीव होता. हे मी अजून कुणालाही सांगतो तेव्हा अंगावर काटा येतो.

भास्कराचार्यांचं गाव विज्जडविड कुठलं यावर वर्गात वाद झालाच, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या आपल्या भागात होणारच. कुणी म्हणालं आपल्या कर्नाटकातलं विजापूर, कुणी चाळीसगावजवळचं पाटण, जिथं त्यांच्या नातवाच्या काळातला, 1207 चा शिलालेख आहे. बाईंनी कुणाचीच बाजू घेतली नाही. उलट राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले गणितज्ञ महावीराचार्य यांचं नाव घेतलं, म्हणजे नववं शतक, त्यांचाही गणितसारसंग्रह असाच श्लोकातला.

दहावीत असताना एका शनिवारी त्यांनी रामानुजनवरचा ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ हा सिनेमा प्रोजेक्टरवर दाखवला. सिनेमात पार्टिशनचा विषय निघतो, म्हणजे एखादी संख्या किती तऱ्हांनी फोडून लिहिता येते, तिथं त्यांनी सिनेमा बंद केला आणि प्रत्येकाच्या हातात काजूच्या बिया दिल्या. 4 बियांच्या राशी पाच तऱ्हांनी लागतात: चारची एक, तीन-एक, दोन-दोन, दोन-एक-एक आणि सगळ्या सुट्या. 5 बियांच्या सात. मग म्हणाल्या 10 चं करा. कुणाचे 38 आले, कुणाचे 41, शेजारचा माझ्या राशी मोजून म्हणतोय “ही परत घेऊलास बे, ही झाली की मघाशी!” शेवटी ओळीनं, मोठ्या राशीपासून लहानाकडं लिहीत गेल्यावर 42 जुळले. मग बाईंनी फळ्यावर 200 च्या किती तऱ्हा होतात तो आकडा लिहिला, 39,72,99,90,29,388, जवळजवळ चार लाख कोटी. मॅकमहॉन नावाच्या गणितज्ञानं तो हातानं काढला होता आणि रामानुजन आणि त्यांना केंब्रिजला बोलावणारे गणितज्ञ हार्डी यांनी 1918 मध्ये छापलेलं, अशा तऱ्हा मोजायचं सूत्र त्याच्याशी ताडून बघितलं. हे कळल्यावरच पुढचा सिनेमा चालू झाला.

माझं स्पष्ट मत आहे की सिनेमात रामानुजनला देवीनं सूत्र दिलं ती बाजू प्रेक्षकाला पटकन भुलवते, पण हार्डी सारखा सिद्धता माग म्हणतो ती बाजू जास्त महत्त्वाची आहे, आणि ती आम्हाला कळली कारण 42 जुळवताना आमच्याच वर्गात तासभर “तुझं बरोबर कशावरून” हेच चाललं होतं. नुसता सिनेमा बघून सोडला असता तर हार्डीच्या टॅक्सीचा 1729 हा नंबर तेवढा लक्षात राहिला असता.

म्हणून या वर्षी समितीला एकच विनंती आहे. लायब्ररीत गणिताचं कपाट वेगळं आणि गोष्टी-कवितांचं वेगळं आहे, तर मराठी अर्थासकट लीलावती कवितांच्या कपाटात ठेवा, प्रत मी पाठवतो. आणि नववीच्या पोरांना सिनेमा दाखवणार असाल तर मध्ये थांबवायला कुणीतरी गणिताचं माणूस हवंच, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा कुठलाही शनिवार सांगा, बिया घेऊन मी येतो.