गॅलरीतली बाग, हिवाळ्याची नोंद: रोज थोडं निघतं, ते बरणीत कसं जातं

हळद निघाली! जूनच्या सुरुवातीला चार पिशव्यांत सेलम जातीच्या हळदीचे कंद लावले होते. डिसेंबरअखेर पानं पिवळी पडून कलंडायला लागली तसं पाणी तोडलं आणि संक्रांत झाल्यावर पिशव्या पालथ्या केल्या. झटकून, धुऊन, निथळून भरली पावणेतीन किलो. हळदीचं सविस्तर पुढे लिहिते, कारण या हंगामातलं तेवढं एकच पीक एका दमात हाती आलं. बाकी सगळं मुठीमुठीने येतं, आणि खरं तर मला त्याबद्दलच लिहायचंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: जागा मुलुंड पूर्व, तिसरा मजला. गॅलरी पूर्वेची, ऊन अकरा-साडेअकरापर्यंत. शिवाय सोसायटीच्या परवानगीने गच्चीचा एक कोपरा. तिथल्या पिशव्या लोखंडी स्टँडवर आहेत, म्हणजे खाली पाणी साचत नाही आणि गच्चीला ओल धरत नाही. आपला भाग समुद्रापासून आत असल्याने थंडीत रात्री कुलाब्यापेक्षा गार असतात आणि दुपारी हवा बऱ्यापैकी कोरडी असते. वाळवणाला याचा फार उपयोग होतो.

आता मूळ गोष्ट. साठवणाची कुठलीही पाककृती काढा, ती "एक किलो मिरच्या घ्या" अशी सुरू होते. गॅलरीत एक किलो मिरची एका दिवशी कधीच निघत नाही. सकाळी पाणी घालताना मूठभर मिरच्या, पाच-सहा टोमॅटो, एखादं कारलं, अंबाडीची चार बोंडं. भाजीला अपुरं आणि ठेवलं तर सुकून जाणारं. म्हणून या वेळी साठवणाचे दोन सरळ भाग केले. रोज भर घालता येते ते एक, आणि एकदम घालावं लागतं ते दुसरं. काय लावायचं हेसुद्धा त्यावरूनच ठरवलं. हंगाम संपत आला असताना मला वाटतं, छोट्या बागेसाठी हाच विचार आधी करायला हवा. कुठली जात आणि कुठलं खत, हे त्यानंतर.

भर घालण्यात पहिला मान मिरचीचा. नोव्हेंबरपासून लिंबाच्या रसातली बरणी चालू आहे. काचेची रुंद तोंडाची बरणी धुऊन, उन्हात कडक वाळवून, हिंगाची धुरी दिली. दर १०० मिली लिंबाच्या रसात २० ग्रॅम मीठ विरघळवलं. रोजच्या मिरच्या धुऊन, पंख्याखाली पूर्ण सुकवून, देठ काढून, उभी चीर देऊन त्यात सोडायच्या. चीर हवीच. नाहीतर पोटात हवा राहते, मिरची तरंगते आणि रसाबाहेर राहिलेल्या भागाला बुरशी धरते. रस नेहमी मिरच्यांच्या वर बोटभर असावा. तो कमी झाला की त्याच प्रमाणात मीठ घातलेला नवा रस ओतायचा. लिंबाचा रस इतका आंबट असतो की मीठ आणि आम्लता मिळून ही बरणी रोज उघडली तरी टिकते, फक्त चमचा कोरडा हवा. हिवाळ्यात लिंबं स्वस्त असतात तेव्हा जास्तीचा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. एप्रिल-मेमध्ये लिंबाचे भाव चढले की त्याची किंमत कळते.

सासूबाई गुहागरच्या. लोणच्याच्या बाबतीत त्यांची नजर चुकवणं अशक्य. रोज मी बरणीपाशी गेले की आतून आवाज येतोच, "अगं, नीट पुसल्यास ना मिरच्या? पाण्याचा टिपूससुद्धा नको हो." आणि त्यांचं बरोबर आहे. पाण्यामुळे वरचा थर पातळ होतो आणि बिघाडाची सुरुवात तिथूनच होते. पावसाळा सुरू झाला की ही बरणी फ्रिजमध्ये जाईल.

मिरचीच्या झाडांबद्दल. डिसेंबरात दोन झाडांची शेंड्याची पानं चुरडली. चुरडा-मुरडा म्हणून लगेच फवारणीला धावू नका, आधी पान नीट बघा. कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे, खाली वळून देठ लांबलं असेल तर कोळी ही बारीक कीड. माझ्याकडे वर वळलेलं होतं. निळे चिकट सापळे टांगले (पिवळे पांढऱ्या माशीसाठी, फुलकिडे निळ्याकडे जास्त जातात) आणि लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी, असं संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारलं. दर आठवड्याला. कोळी असते तर पाण्यात मिसळणारं गंधक वापरावं लागलं असतं. नवीन फूट सरळ आली आहे, फुलंही धरली आहेत.

लाल अंबाडी हा या वर्षीचा माझा सगळ्यात मोठा आनंद. जूनमध्ये बी टाकलं, पावसात झाड छातीएवढं झालं. कोवळा पाला भाजीला आणि डाळीत येतच होता. दिवस लहान व्हायला लागले की हे झाड फुलावर येतं, त्याआधी कितीही खत घाला, फुलत नाही. फूल एक दिवसाचं. ते गळल्यावर दोन-तीन आठवड्यांत बोंडाभोवतीचं लाल आवरण मांसल होतं, तेव्हाच तोडायचं, जून झालं की चिवट होतं. सकाळी चार-सहा बोंडं निघतात. आतली हिरवी बी-गाठ मी स्टीलच्या बारीक नळीने खालून ढकलून काढते, आवरण फाटत नाही. सुपात पातळ पसरून गॅलरीत ठेवलं की थंडीच्या कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत कुरकुरीत होतं. वजन साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं, त्यामुळे सगळ्या हंगामाची बोंडं एका मध्यम बाटलीत मावली.

इथे भर घालण्याचा नियम थोडा वेगळा आहे. आज वाळलेलं आणि कालचं अर्धवट वाळलेलं एकत्र कधीही करू नका. मी वाळलेला माल आधी लहान बाटलीत आठवडाभर ठेवते. काचेला आतून धुकं धरलं तर परत उन्हात, नाही धरलं तर मोठ्या बाटलीत. आणि संध्याकाळी सूप घरात घ्यायचंच. "दव धरतं गं, दिवसभराचं वाळलेलं रात्रीत ओलं होतं," हेही सासूबाईंचंच.

सरबतासाठी ही वाळलेली बोंडं रात्रभर पाण्यात भिजवते. जॅम मात्र एकदम करावा लागतो, म्हणून त्यासाठी ताजी बोंडं फ्रीझरमध्ये साठवत गेले आणि अर्धा किलो झाल्यावर केला. बोंडांच्या वजनाएवढी साखर, बाकी काही नाही. अंबाडीत आंबटपणा आणि पेक्टिन (जॅम घट्ट करणारा घटक) दोन्ही असतं, त्यामुळे वेगळं काही न घालता छान बसतो. रंग असा काही येतो की बाटली उन्हात धरून बघत राहावं!

टोमॅटोचं थोडक्यात. मुंबईत टोमॅटो हिवाळ्याचाच, रात्री उबदार असल्या की फुलं गळतात. रोजचे पिकलेले धुऊन, पुसून, अख्खे फ्रीझरच्या पिशवीत. गोठून बाहेर काढले की साल हाताने सुटते, उकळत्या पाण्यात घालायची गरज नाही. किलो झाला की आटवून सॉस. टोमॅटोचा आंबटपणा दर वेळी सारखा नसतो आणि साठवणासाठी तो काठावरचाच, म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालायचं आणि बाटली फ्रिजमध्येच ठेवायची. घरच्या सॉसच्या बाटल्या कपाटात ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारलं दापोली कृषी विद्यापीठाच्या कोकण तारा जातीचं. वेल गच्चीवर जाळीवर आहे, तीच जाळी कबुतरांनाही अडवते. वर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे सकाळी लवकर नर फूल तोडून मादी फुलाला लावावं लागतं. मादी फूल ओळखायला सोपं, खाली इवलंसं कारलं असतं. फळ बोटाएवढं झालं की वर्तमानपत्राची पिशवी चढवायची, फळमाशी बसत नाही. एखाद्या कारल्याची भाजी होत नाही, पण काचऱ्या होतात. पातळ चकत्या, मीठ, अर्धा तास, घट्ट पिळून उन्हात. बोटांत धरून कटकन मोडली तर वाळली, वाकली तर अजून एक ऊन. याही रोज थोड्या-थोड्या बाटलीत जात आहेत.

माती सगळीकडे एकच. रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं, सुकी पानं, घरचं खत आणि थोडीशीच लाल माती. मुंबईत चिपाडांवर गच्चीतली शेती करण्याचा मार्ग डॉ. दोशींनी कित्येक वर्षांपूर्वी दाखवला, आणि पालापाचोळा कुजवून केलेल्या ‘अमृत माती’ची शिकवण श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतीचे प्रयोग करणाऱ्यांच्या गटातली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर तर २००२ पासून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली गेली. ज्यांना "गच्चीला वजन झेपणार नाही" ही भीती असते त्यांना मी चिपाडांची पिशवी उचलायला देते. इतकी हलकी असते की पुढे वाद होत नाही. चिपाडं कुजून खाली बसतात, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी वरून भर टाकावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

आता हळद. पावणेतीन किलोपैकी एक किलो लोणच्याला. साल खरवडून बारीक काड्या, बरोबर आलं आणि बरणीतल्याच मिरच्या, बुडेल इतका लिंबाचा रस आणि मीठ. वरून दादरा बांधून तीन दिवस ओट्यावर, रोज हलवायचं, मग फ्रिज. तेल घालत नाही, ओल्या हळदीचा वास तेलाखाली दबतो.

दीड किलोची पूड केली. बऱ्याच जणांना वाटतं की हळद नुसती वाळवली की झालं. पण आधी शिजवली की आतला स्टार्च शिजतो, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. कंद बुडतील एवढ्या पाण्यात, काडी सहज आरपार जाईपर्यंत उकळले. मग चकत्या करून गच्चीवर जुन्या सुती साडीवर पसरल्या. अख्खे कंद वाळवले तर कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि मुंबईच्या हवेत तेवढा धीर धरण्यात बुरशीचा धोका आहे. वाळून एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला लागला तेव्हा थांबले. दीड किलोचे तीनशे ग्रॅमच्या आसपास उरले, म्हणजे पाचवा हिस्सा. आधी खलबत्त्यात फोडून मग मिक्सर. अख्खी चकती टाकली तर पात्यांचं नुकसान होतं. रंग बाजारच्या पुडीइतका भडक नाही, केशरीकडे झुकणारा आहे, पण डबा उघडला की वास घरभर!

हळदीच्या पानांचं राहिलंच. श्रावण-भाद्रपदात प्रत्येक पिशवीतून एक-दोन पानं पातोळ्यांसाठी काढली होती. त्याहून जास्त काढू नयेत, कंद पानांवरच पोसतो.

पुढचं काम: फेब्रुवारीत गवार, भेंडी आणि कोकण सदाबहार चवळी लावायची. सांडगी मिरची एप्रिलमध्ये. तिच्या जाड पोपटी मिरच्या मात्र बाजारातून एकदम आणणार, कारण मेथी-धणे-हिंग भरून, आंबट ताकात भिजवून, उन्हात घालून परत ताकात, हे चक्र एका घाण्यातच नीट जमतं. तीन-चार मिरच्यांसाठी रोज ताक लावण्यात अर्थ नाही.

हळदीतला उरलेला पाव किलो बियाण्यासाठी ठेवला आहे, कोरड्या वाळूत, पलंगाखाली अंधारात. मला लागतील त्याहून कंद जास्त आहेत. मुलुंड, भांडुप, ठाण्याकडच्या कुणाला हवे असतील तर अक्षय्य तृतीयेच्या आधी सांगा. येताना जमल्यास अळूचे गड्डे आणा. वडीचा काळ्या देठाचा हवा, भाजीचा माझ्याकडे आहे.