आधी रिपोर्ट समजून घ्या, मग शोधा

बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या रात्री मी झोपलेच नाही, मोबाईलवर नुसतं ब्रेस्ट कॅन्सर टाकून वाचत बसले आणि सकाळपर्यंत हातपाय गार पडले होते. ज्यांना आत्ताच कळलंय त्यांच्यासाठी लिहितेय.

नुसत्या नावानं शोधू नका गं. ब्रेस्ट कॅन्सर हा एकच एक आजार नाहीये, रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (गाठीच्या पेशी हार्मोनवर वाढतात का ते), हर-टू (पेशींवरचं एक प्रोटीन जास्त आहे का ते) असं लिहिलेलं असतं ना, ट्रीटमेंट बरीचशी त्यावर ठरते. ईआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोन रोखायची ट्रीटमेंट, ती साधारण 5 ते 10 वर्षं चालते. हर-टू पॉझिटिव्हसाठी ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध आहे, ते 1998 मध्ये आलं, त्याआधीच्या बायकांना ते मिळालंच नव्हतं, मग त्यांचं वाचून आपण का खचायचं? माझा हर-टू 2+ होता, म्हणजे ना धड हो, ना धड नाही, त्याला पुढे फिश टेस्ट (हर-टूचं जनुक जास्त आहे का ते बघणारी) करावी लागते, हे मला कुणी सांगितलंच नाही आणि मी तो पॉझिटिव्ह धरून आठ दिवस भलतंच वाचत होते. त्यात ग्रेड 3 बघून घरच्यांना वाटलं स्टेज 3, सगळे रडले. ग्रेड म्हणजे पेशी मायक्रोस्कोपखाली कशा दिसतात ते, स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय ते.

डॉक्टरांकडे एकटीनं जाऊ नका, खरंच. आपल्याला अर्धं ऐकूच येत नाही. माझी बहीण वही घेऊन बसायची. पूर्ण स्तन काढायलाच हवा का, हा प्रश्न तिनं विचारला, मला सुचलाच नसता (लवकरच्या स्टेजला गाठ काढून रेडिएशन घेतलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं, 20 वर्षं पेशंट बघून केलेले अभ्यास 2002 मध्ये आलेत). पुढे मूल हवं असेल तर ते कीमोच्या आधीच बोला, नंतर उशीर होतो.

आणि ट्रीटमेंट संपवलेली एक तरी बाई शोधा. मला ओळखीतून एक ताई मिळाल्या. केस पहिल्या कीमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जातील, आधीच बारीक करून घे, हे त्यांनी सांगितलं. औषधांचं विचारलं की मात्र म्हणायच्या, तुझा रिपोर्ट वेगळा, ते डॉक्टरांना विचार. प्रत्येक कीमोच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, एवढंच विचारायला, उद्या सोबत कोण येतंय?