धाग्याखालची रेषा

मोठ्या वयात चित्रकलेकडे वळलेल्यांचा एक वर्ग मी घेते. त्यातला माझा सगळ्यात आवडता दिवस रेषेचा. सकाळी पेन्सिल, मग कागदाचं चिकटकाम आणि दुपारी पुठ्ठ्याच्या मागावर विणकाम. विषय दिवसभर एकच असतो. साधन बदललं की रेषेचं वागणं कसं बदलतं, ते प्रत्येकाने आपापल्या हातांनी अनुभवावं एवढंच मला हवं असतं.

या वेळच्या वर्गात एक निवृत्त ड्राफ्ट्समन होते. मी त्यांना काका म्हणते. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यातला मोठा काळ ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनांचा. घरून लांबट, विणता येईल असं काहीही आणा, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. लोकर आली, सुतळी आली, तांब्याची तार, चिंध्या, जुन्या कॅसेटची फीत. काकांनी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणली. वर शाईने काढलेला कुठल्यातरी झडपेचा आराखडा. “माझाच आहे, रद्द झालेला. खुशाल कापा,” म्हणाले.

सकाळचा पहिला सराव कागदाकडे न बघता काढायचा असतो. डावा हात समोर ठेवायचा, नजर बोटांच्या कडेवरून अगदी सावकाश सरकवायची आणि पेन्सिल न उचलता त्याच वेगाने हात चालवायचा. चित्र वेडंवाकडं येतं, अंगठा भलतीकडेच जातो, पण रेषा जिवंत येते. सांध्यापाशी दाब वाढतो, नखापाशी हात हलका होतो. काकांच्या कागदावरही बोटं विस्कटलेली होती, पण रेषेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. मी जवळ जाऊन पाहिलं, तर ओढता ओढता ते पेन्सिल दोन बोटांत हळूहळू फिरवत होते. टोक एका बाजूने झिजू नये म्हणून लागलेली ही सवय, न बघताही चालूच होती.

मी म्हटलं, “काका, दाब कमीजास्त होऊ द्या की.”

“मॅडम, आमच्याकडे जाडी बदलली की अर्थ बदलतो,” ते म्हणाले, आणि कोपऱ्यात काढून दाखवलं. समोर दिसणारी कड जाड आणि अखंड. मध्यरेषा बारीक, एक लांब तुकडा, एक आखूड. आणि वस्तूच्या आत किंवा मागे लपलेली कड तुटक. तिघींची कामं वेगळी. मला हे शाळेतल्या भूमितीपुरतं ठाऊक होतं. त्यांच्या बोलण्यात ते व्याकरणासारखं पक्कं होतं.

चिकटकामात दोन कागद एकमेकांना भिडले की मधे रेषा आपोआप तयार होते. ती कुणी काढलेली नसते. कापलेली कड आणि फाडलेली कड वेगळी बोलते. कागद तंतूंच्या दिशेने बराचसा सरळ फाटतो, आडवा फाडला की भरकटतो. रंगीत छपाईचा कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी कड येते, आणि ती कोणत्या तुकड्याला येणार हे कोणता हात आपल्याकडे ओढला त्यावर ठरतं. पिकासोने १९१२ मध्ये एका लंबगोल चित्रात वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं आणि सगळ्या चित्राला खऱ्या दोरखंडाची चौकट दिली. ते चित्र मी या टप्प्यावर मुद्दाम दाखवते, कारण विणलेली रेषा तिथे नुसती छापील आहे आणि चित्राची कड मात्र हातात धरता येईल अशी आहे. काकांना चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांची रेखाटनंही दाखवली. शाई, पेन्सिल आणि ड्राफ्टिंगची अवजारं घेऊन त्यांनी काढलेल्या त्या काटेकोर रेषा काका फार वेळ बघत बसले. “हात बसलेला आहे,” एवढंच म्हणाले.

दुपारी पुठ्ठ्याला वर-खाली खाचा पाडल्या आणि दोरा गुंडाळून ताणा, म्हणजे उभे धागे, भरला. काकांचा ताणा काळ्या दोऱ्याचा. बाणा, म्हणजे आडवा धागा, म्हणून त्यांनी तो आराखडा पट्टी लावून बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत कापला. एका धाग्यावरून, एका धाग्याखालून, पुढच्या ओळीला उलट. साधी वीण. झडपेचे तुकडे ओळीगणिक सरकत गेले, वर्तुळाचे कंस भलत्याच कंसांना भिडले. मला वाटलं, गंमत तिथेच आहे.

तेवढ्यात त्यांनी पुठ्ठा खिडकीशी धरला आणि मला हाक मारली.

ट्रेसिंग पेपर अर्धपारदर्शक. पट्टी जिथे काळ्या दोऱ्याखालून गेली होती तिथे दोरा ठळक काळा दिसत होता. जिथे वरून गेली होती तिथे तोच दोरा पट्टीआडून करडा, पुसट दिसत होता. एकेक दोरा वरपासून खालपर्यंत बघितला तर काळा, करडा, काळा, करडा.

“ही आमची हिडन लाइन,” काका म्हणाले. “ती तुटक काढायचो, पण वस्तूत ती तुटलेली नसतेच. आहे तिथेच असते, वर काहीतरी असतं इतकंच.” मग पुठ्ठा उलटा केला. पुढून करड्या दिसणाऱ्या जागा मागून काळ्या होत्या.

मी विणकाम शिकवते तेव्हा रेषा म्हणून नेहमी वर दिसणाऱ्या टप्प्यांकडे बोट दाखवते. खाली गेलेला अर्धा धागा वीण धरून ठेवतो हे सांगते, पण रेषा म्हणून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. चित्रकार पॉल क्लेने १९२५ मध्ये छापलेल्या आपल्या पाठांची सुरुवात फिरायला निघालेल्या रेषेने केली, आणि तो जिथे शिकवायचा त्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या विणकाम विभागात शिकलेल्या अ‍ॅनी आल्बर्स त्याच्या वर्गातही बसत. हे दोन्ही मी वर्गात सांगत आले आहे. त्या दुपारी ते एकमेकांना खरोखर जोडलं गेलं. विणीतली रेषा फिरायला निघते ती डावी-उजवीकडेच नव्हे, कागदाच्या आतबाहेरही.

काकांच्या शेजारच्या ताई लोकर विणत होत्या आणि त्यांचं विणकाम मधे कंबर काढल्यासारखं आत ओढलं जात होतं. असं पुष्कळांचं होतं. उपाय सोपा आहे: बाणा सरळ न टाकता कमानीत टाकायचा आणि मग फणीने खाली बसवायचा. मी ते सांगतच होते, तर काका म्हणाले, “थांबा, सेक्शन काढतो.”

त्यांनी विणीचा छेद काढला, म्हणजे वीण आरपार कापली तर कड कशी दिसेल ते. ताण्याचे धागे कापले गेल्यावर नुसते ठिपके उरले. ते त्यांनी काळे भरले. (एवढ्या बारीक भागाला हॅचिंग, म्हणजे तिरप्या रेषांची भरण, करत नाहीत, भरून टाकतात, हेही सांगितलं.) बाणा ठिपक्यांच्या वरून-खालून जाणारी लाट झाला. मागची ओळ बारीक रेषेने, उलट्या लाटेत. खाली त्यांनी तेवढ्याच रुंदीची एक सरळ रेषा ओढली आणि ताईंना विचारलं, “लाट लांब की सरळ रेषा?”

ताई आपल्या सुतळीच्या जाड ताण्याकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे मी ताणून टाकलं की लाटेला लागणारी जास्तीची लांबी काठांकडून घेतली जाते?” अगदी तेच. शिवाय लोकर ताणली जाते आणि सोडली की आखडते, म्हणून त्यांचं आणखी आत आलं होतं. त्यांनी शेवटच्या ओळी उसवल्या आणि कमानी टाकत पुन्हा भरल्या. काठ सरळ राहिला.

मग तार विणणारा मुलगा आपला पुठ्ठा घेऊन आला. त्याच्या ओळीत लाट दिसतच नव्हती. तार जवळजवळ सरळ होती आणि ताण्याचे मऊ दोरेच तिच्याभोवती वाकले होते. दोन धाग्यांत जो कडक, तो सरळ राहतो. वाकणं दुसऱ्याच्या वाट्याला येतं. काकांनी कागद उलटला आणि या वेळी छेद दुसऱ्या दिशेने घेतला: तारा ठिपके, दोरा लाट.

वर्गाची वेळ संपली तेव्हा टेबलाभोवती चारपाच जण वाकून उभे होते आणि तार व लोकर आलटूनपालटून विणली तर छेद कसा येईल यावर बोलत होते. पुढच्या वर्गासाठी मी दोन्ही काढून ठेवली आहेत, आणि ते दोन छेद फळ्यावर.