पडणार हे दिसत असून सही का केली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. डिचोलीच्या बाजारातही हाच प्रश्न येतो: लोकसभेला तुमचा अपक्ष पडणार हे पोरासोरांना दिसत होतं, मग त्याच्या उमेदवारी अर्जावर सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवणारा मतदार, म्हणून सही कशाला केलीत?

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला १० लागतात. ते जमवतानाच निकाल कळला म्हणा ना! सहीसोबत मतदारयादीतला भाग क्रमांक नि अनुक्रमांक द्यायचा, म्हणजे तुम्ही कोण, कुठल्या बूथवरचे, सगळं कागदावर. सोप्यावर बसवून सोलकढी पाजणाऱ्यांना पेन पुढे करताच चष्मा सापडेना. मला त्यांचा राग नाही. मुलगी सरकारी कंत्राटावर, कायम होण्याच्या आशेवर. त्या घराने सही द्यायची कशी?

उत्तर गोव्यात १९९९ पासून भाजपचे श्रीपादभाऊ नाईकच खासदार. २०२४ मध्ये रमाकांत खलपांसारखे माजी केंद्रीय मंत्री लाखाहून जास्त मतांनी पडले, तिथे आमची काय कथा! पण माझ्या मते गोव्यात लोकसभेला उभा राहणारा खासदाराशी लढतच नाही, तो २० आमदारांशी लढतो. विधानसभेचे मतदारसंघ चिमुकले. आमदार बारशाला येतो, मयतालाही येतो. म्हणून दारात ऐकू यायचं, "आमदार कितें सांगता तें पळोवया", म्हणजे आमदार काय सांगतो ते पाहू.

आमचा मुद्दा खाणींचा होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. ट्रकांची कर्जं अंगावर राहिली, शेतात खाणीचा गाळ राहिला. खाणींचा कायदा केंद्राचा, बदलला तर संसदेतच बदलणार. हे कोणीतरी दारोदार सांगायला हवं होतं, म्हणून सही केली. (लोक मात्र नळाचं पाणी विचारत. ते काम खासदाराचं नाही म्हटलं की चेहरा पडायचा.)

वैध मतांचा सहावा हिस्सा न मिळाल्याने २५,००० चं डिपॉझिट गेलं. नंतर बूथवार आकड्यांचा फॉर्म २० पाहिला. सूचकांपैकी कुणाचंही घर नाही अशा वाड्यांवरच्या बूथांवरही मतं होती. ती कुणाची, अजून शोधतोय.

पडलेल्यालाही ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, नाहीतर निवडणूक लढवायला ३ वर्षं बंदी येऊ शकते. तो आम्ही मांडववाल्याच्या पावतीसकट दिला. पुढच्या खेपेला सही देईन, पण त्याने आधी पंचायतीला उभं राहावं, असं मी त्याला सांगितलंय. तो अजून हो म्हणालेला नाही.